लेडव्हिलचे शंभर मैल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच शर्यतीविषयी आहेत, म्हणून हा संपूर्ण स्तंभ त्या शर्यतीला दिला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाच्या गावी दर वर्षी ऑगस्टमध्ये माउंटन बाइकची शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची, एकदिवसीय शर्यत होते. बारा तासांच्या आत पोहोचणाऱ्यास कमरेच्या पट्ट्याचे चांदीच्या रंगाचे बक्कल मिळते आणि नऊ तासांच्या आत पोहोचणाऱ्यास त्याहून मोठे बक्कल मिळते. मी या शर्यतीत दोनदा उतरलो. पहिल्या वेळी मला बारा तास एकवीस मिनिटे लागली आणि दुसऱ्या वेळी अकरा तास अडतीस मिनिटे. पुढील उत्तरांना या दोन दिवसांचा आधार आहे.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा असून अकरा वर्षांपासून नोकरीनिमित्त डेन्व्हरमध्ये राहतो. वय ४६ आहे. साताऱ्याची हिल मॅरेथॉन दोनदा धावलो आहे आणि चार वर्षांपासून नियमित सायकल चालवतो. लेडव्हिलच्या प्रवेशाच्या सोडतीत या वर्षी माझे नाव लागले. डांबरी रस्त्यावर १६० किलोमीटर मी साडेसहा तासांत पूर्ण केले आहेत, तर मग ही शर्यत बारा तासांत पूर्ण करणे इतके अवघड का मानले जाते? मी शाकाहारी आहे; खाण्याचे काय करावे? — एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : सोडतीत नाव लागल्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. साडेसहा तासांवरून आपण जो हिशोब मांडला आहे, तोच मीही पहिल्या वर्षी मांडला होता. तो कुठे चुकतो हे सांगण्याआधी गावाविषयी थोडे सांगतो, कारण या शर्यतीचा स्वभाव त्या गावातून आला आहे. लेडव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींमुळे ते भरभराटीला आले आणि पुढे जवळच्या क्लायमॅक्स येथील मॉलिब्डेनम या धातूच्या खाणीवर जगले. १९८२ मध्ये त्या खाणीतून कामगारांना मोठ्या संख्येने कमी करण्यात आले आणि घराघरांतील कमाई थांबली. (मुंबईतील गिरणी संप सुरू झाला तेच हे वर्ष, एका उद्योगावर उभी असलेली वस्ती तो उद्योग थांबल्यावर कशी होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) खाणीत काम केलेल्या केन क्लाउबर यांनी मेरिली मॉपिन यांच्या साथीने १९८३ मध्ये डोंगरातून शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. बाहेरगावची माणसे यावीत, मुक्कामाला राहावीत आणि गावात चार पैसे यावेत, एवढाच हेतू होता. १९९४ पासून त्याच डोंगरांत सायकलींची शर्यत होऊ लागली. आजही पाण्याच्या ठाण्यांवर बाटल्या भरून देणाऱ्यांत गावकरी असतात, आणि पाठीमागे पडलेल्या सायकलस्वाराशी ते ज्या आपुलकीने बोलतात ती मला अन्य कोणत्याही शर्यतीत अनुभवाला आलेली नाही.

आता मार्गाकडे वळू. सकाळी साडेसहाला गावातून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर उताराचे आणि सोपे आहेत, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. हवेत थंडी, आजूबाजूला शेकडो सायकली आणि छातीत धडधड. अशा वेळी कोणीही आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा जोरात जातो. त्यानंतर सेंट केव्हिन्सचा चढ येतो, मग शुगरलोफचा. तिथून विजेच्या तारांखालून जाणारा, पावसाच्या पाण्याने खोल चर पडलेला पॉवरलाइनचा उतार लागतो. पुढे बरेच अंतर मार्ग मोकळा आणि कमी चढउतारांचा आहे. ट्विन लेक्सचे ठाणे त्याच्या शेवटी, सुमारे ६५ किलोमीटरवर येते. ट्विन लेक्सपासून कोलंबाइन खाणीकडे जाणारा चढ हा या शर्यतीचा गाभा आहे, कारण एकाच दमात जवळजवळ एक हजार मीटर चढून आपण सुमारे ३,८०० मीटरवर पोहोचतो. शेवटच्या टप्प्यात झाडे संपतात, वाट सुट्या दगडांची होते आणि बहुतेक जण उतरून सायकल ढकलतात. तिथे वळायचे आणि आल्या वाटेनेच परत यायचे. याचा अर्थ असा की जो पॉवरलाइनचा उतार सकाळी उतरलो, तोच सुमारे १३० किलोमीटर झाल्यावर चढायचा. त्याच्या पहिल्या टप्प्यात चढ वीस टक्क्यांहून अधिक तीव्र आहे.

दिवसभराची एकूण चढाई साडेतीन हजार मीटरच्या आसपास जाते. सिंहगडाचा घाट एकदा चढला तर सुमारे सहाशे मीटर होतात, असे धरले तर दिवसात सहा वेळा सिंहगड चढल्यासारखे झाले, तेही खडीच्या वाटेने आणि विरळ हवेत. बारा तासांत १६० किलोमीटर म्हणजे थांबण्यासह ताशी सरासरी १३.३ किलोमीटर. हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. परंतु कोलंबाइनच्या वरच्या भागात ताशी चार किलोमीटर वेगाने चालताना गेलेली मिनिटे कुठे भरून काढायची, असा प्रश्न उभा राहिला की तो किरकोळ राहत नाही. सर्वांत वेगवान स्पर्धकांची गोष्ट निराळी आहे. किगन स्वेन्सन यांनी २०२३ मध्ये हेच अंतर पाच तास ४३ मिनिटांत कापले. आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून वेग घेऊ नये, पण दिवसभर खाण्यापिण्याची शिस्त कशी पाळावी हे अवश्य घ्यावे.

माझे पहिल्या वर्षी काय चुकले ते सांगतो. कोलंबाइनच्या माथ्यावर मी पाच तास चाळीस मिनिटांत पोहोचलो आणि मनाशी म्हणालो की वीस मिनिटे गाठीशी आहेत. ती मिनिटे मी सेंट केव्हिन्सच्या चढावर, पुढच्याच्या चाकाला चिकटून, उसनी घेतली होती आणि पॉवरलाइनने ती व्याजासह वसूल केली. दुपारी पावणेचारच्या सुमारास त्या चढाच्या पायथ्याशी मी उतरलो. दोन्ही मांड्यांत गोळे आले होते आणि सायकल चार पावले ढकलली की ब्रेक दाबून तिच्यावरच ओणवे व्हावे लागत होते. त्या चढाला माथा आल्यासारखा वाटतो, वाट वळते आणि पुन्हा चढ दिसतो. असे चार-पाच वेळा होते. दुसऱ्या वर्षी मी माथ्यावर पाच तास बावन्न मिनिटांनी, म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा बारा मिनिटे उशिरा पोहोचलो, आणि गावात त्रेचाळीस मिनिटे लवकर आलो. म्हणून आपणास एकच गोष्ट आग्रहाने सांगतो : पहिल्या दोन चढांवर शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने जावे आणि माणसे पुढे जात असतील तर जाऊ द्यावीत. त्यांच्यातील पुष्कळ जण आपल्याला दुपारी पुन्हा भेटतात.

सरावाबाबत आपण डेन्व्हरमध्ये, १,६०० मीटरवर, राहता याचा मोठा लाभ आहे. मार्चपासून आठवड्याला आठ ते बारा तास सायकल चालवावी, त्यात एक लांब फेरी असावी आणि ती हळूहळू सहा-सात तासांपर्यंत न्यावी. जून-जुलैमध्ये निदान तीन शनिवार-रविवार लेडव्हिललाच मुक्काम करावा. गाडीने दोन तासांचे अंतर आहे. एका दिवशी कोलंबाइन आणि दुसऱ्या दिवशी, थकल्या पायांनी, पॉवरलाइन असे करून पाहावे. आणखी एक सराव लोक करत नाहीत आणि तो मी पहिल्या वर्षी केला नव्हता : सायकलचे बूट घालून तीव्र चढावर अर्धा तास सायकल ढकलत चालणे. पोटऱ्यांना आणि पाठीला ही हालचाल अगदी अनोळखी असते. ती शर्यतीच्या दिवशी प्रथम करू नये.

सायकलविषयी थोडक्यात लिहितो. पुढे धक्के झेलणारा काटा असलेली हलकी सायकल पुरेशी आहे. मागेही सस्पेन्शन असेल तर पाठ कमी दुखते. गिअर मात्र हलके हवेत : पुढे ३२ किंवा ३० दात आणि मागे सर्वांत मोठी चकती ५० ते ५२ दातांची. टायर ट्यूबलेस असावेत, त्यातील सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारा द्रव) शर्यतीच्या आधी नवे भरलेले असावे, कारण पॉवरलाइनच्या उतारावर पंक्चर झालेल्या सायकली दर वर्षी कडेला दिसतात. एक बारीक गोष्ट अशी की बाहेरच्या हवेचा दाब वर कमी असल्यामुळे डेन्व्हरमध्ये मोजून भरलेली हवा लेडव्हिलला सुमारे दोन पीएसआय जास्त भरते. पहाटे दाब पुन्हा मोजावा.

आता खाणे. दर तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदके आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी, हे प्रमाण बारा तास टिकवायचे आहे. शाकाहारी असण्याने यात काहीच अडत नाही. अडते ते उंचीवर भूक मरते आणि तोंड कोरडे पडते यामुळे. पहिल्या वर्षी मी आईने पाठवलेल्या गुळपोळ्या चौकोनी कापून खिशात ठेवल्या होत्या. घरी सरावात त्या उत्तम गेल्या होत्या. कोलंबाइनच्या वाटेवर घास तोंडात घेतला तर लाळच सुटेना; तिळाचा भुगा टाळूला चिकटून राहिला आणि धाप लागलेली असताना नाकाने श्वास घेत तो चघळणे जमेना. शेवटी तो मी थुंकून टाकला आणि पुढचा दीड तास काहीच खाल्ले नाही. पॉवरलाइनला जे गोळे आले त्यात या दीड तासाचा वाटा होता, असे मला निश्चित वाटते. दुसऱ्या वर्षी कोरडे पदार्थ पहिल्या चार तासांत संपवले : बिया काढलेला खजूर, उकडून मीठ लावलेले छोटे बटाटे, केळे. ट्विन लेक्सनंतर फक्त पातळ घेतले, म्हणजे बाटलीत विरघळवलेली साखर-मिठाची पूड आणि जेल (छोट्या पाकिटातला घट्ट गोड पाक). राजगिऱ्याचा लाडू आणि चिक्की मला अतिशय प्रिय आहेत, परंतु ३,५०० मीटरच्या वर त्या खिशातच राहतात. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावावा आणि भूक असो वा नसो, गजर झाला की घोट किंवा घास घ्यावा.

शर्यतीच्या तीन महिने आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी) या दोन तपासण्या करून घ्याव्यात. उंचीवर शरीर नव्या तांबड्या पेशी तयार करते आणि त्यासाठी लोह लागते. शाकाहारी माणसांत त्याचा साठा अनेकदा कमी असतो. कमी आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. ऑगस्टच्या आधी फरक पडायला वेळ लागतो.

प्रश्न : मी पुण्यात राहते, वय ३४. सिंहगड, पानशेत, वरंधा या भागांत चार वर्षांपासून सायकल चालवते आणि पुढील वर्षीच्या सोडतीसाठी अर्ज करणार आहे. निवड झाली तर रजा फार तर चौदा दिवसांची मिळेल. पुण्यातून थेट ३,१०० मीटरवर जाऊन शर्यत करणे सुरक्षित आहे का? उंचीच्या त्रासावर गोळी घ्यावी का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : आपण हा प्रश्न अर्ज करण्याआधी विचारलात, याचे मला फार समाधान वाटले. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे. लेडव्हिलला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो आणि कोलंबाइनला त्याहूनही कमी. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, पण दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. न सरावलेल्या माणसाची दमछाक सहन करण्याची क्षमता अशा उंचीवर साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी घटते. म्हणून सिंहगडावर आपण ज्या गिअरवर चढता, तो गिअर तिथे चालणार नाही, आणि त्यात आपल्या तयारीचा काही दोष नसेल.

चौदा दिवसांत उंचीची पूर्ण सवय होणार नाही, परंतु शर्यत सुरक्षितपणे करता येईल इतकी होऊ शकते. शर्यत शनिवारी असते, तेव्हा आधीच्या आठवड्याच्या मंगळवार-बुधवारपर्यंत डेन्व्हरला पोहोचावे, तिथे दोन रात्री काढाव्यात आणि मग लेडव्हिलला जावे. पहिले तीन दिवस केवळ हलकी सायकल, भरपूर पाणी आणि झोप. पहिल्या दोन रात्री झोप मोडते, डोके जड होते. त्याला घाबरू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी कोलंबाइनच्या चढाचा काही भाग करून पाहावा आणि शेवटचे तीन दिवस पायांना विश्रांती द्यावी. रजा आणखी कमी असेल तर मी स्वतः पुढच्या वर्षाची वाट पाहीन.

अॅसेटाझोलामाइड ही गोळी उंचीच्या त्रासापासून बचावासाठी पुष्कळ जण घेतात, तथापि ती आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास त्यांना आधी सांगावे. तिने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात. घ्यायची ठरली तर पुण्यात असतानाच दोन दिवस घेऊन पाहावी, म्हणजे काय होते ते कळते. आपण अधिकृत स्पर्धेत उतरत असल्यामुळे आणखी एक खबरदारी आवश्यक आहे : ही लघवी वाढवणारी गोळी स्पर्धात्मक खेळांतील बंदी असलेल्या औषधांच्या यादीत येते, म्हणून आयोजकांचे नियम वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये. गोळीविना, दिवस हाताशी ठेवून जाणे मला अधिक पसंत आहे.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसताच शर्यत, पैसे, रजा या कशाचाही विचार न करता खाली उतरावे. स्वस्थ बसले असताना धाप लागणे, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येणे, चालताना तोल जाणे, साध्या प्रश्नाचे उत्तर देताना गोंधळणे, ही ती लक्षणे. आपल्या खोलीत जो कोणी सोबत असेल त्यालाही ती सांगून ठेवावीत, कारण गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हे समजत नाही.

हवामानाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. ऑगस्टमध्ये पहाटे तापमान शून्याच्या थोडेच वर असू शकते आणि दुपारी त्या डोंगरांवर गडगडाटी पाऊस, कधी गारा येतात. सह्याद्रीतला पाऊस भिजवतो, हा पाऊस बोटे बधिर करतो. ब्रेक दाबण्याइतपत बोटे चालली पाहिजेत, म्हणून पातळ पावसाळी जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे कोलंबाइन चढताना खिशात असलेच पाहिजेत, मग ट्विन लेक्सला कितीही ऊन असो. आणि एक सवय आतापासून बदलावी. कोलंबाइनच्या वाटेवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. तिथे चढणाऱ्याने उजवीकडे राहायचे असते. आपल्याला डावीकडून जाण्याची सवय असल्याने दमल्यावर सायकल आपोआप डावीकडे ओढली जाते आणि त्याच बाजूने माणसे वेगाने खाली येत असतात. मी हँडलच्या उजव्या बाजूला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला होता.

स्त्रियांना ही शर्यत झेपते का, असेही आपण पत्राच्या शेवटी संकोचून विचारले आहे. रेबेका रश यांनी २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षे स्त्रियांच्या गटात ही शर्यत जिंकली. मला पहिल्या वर्षी पॉवरलाइनवर मागे टाकून गेलेल्यांत निम्म्या तरी स्त्रिया होत्या, आणि त्या सायकलवर बसून चढत होत्या.

प्रश्न : माझे पती यंदा लेडव्हिलला उतरत आहेत. मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या मदतीला जाणार आहोत. मी सायकल चालवत नाही. ठाण्यावर नेमके काय करायचे असते? — एक वाचिका, डॅलस

उत्तर : सोबतीला येणाऱ्यांसाठी पाइपलाइन आणि ट्विन लेक्स ही दोन ठाणी महत्त्वाची आहेत, आणि स्पर्धक दोन्ही ठिकाणी जाताना एकदा व येताना एकदा येतो. आपण दोन्हीकडे धावपळ करू नये. रस्त्यांवर गाड्यांची दाटी असते आणि चुकामूक झाली तर त्यांच्या बाटल्या आपल्या गाडीतच राहतात. ट्विन लेक्स निवडावे. बारा तासांच्या हिशोबाने जाणारा माणूस तिथे सकाळी सव्वादहाच्या सुमारास आणि परत येताना दुपारी एकच्या सुमारास पोहोचतो. मधल्या तीन तासांसाठी मुलीला टोपी, सावली आणि खाऊ लागेल. आपणही उंचीवर आहात, म्हणून पाणी पीत राहावे.

लांबून ओळखू येईल असे काहीतरी उंच काठीला बांधावे. माझ्या बहिणीने भगव्या रंगाची ओढणी बांधली होती आणि ती मला दोनशे मीटरवरून दिसली. दोन भरलेल्या बाटल्या, जेल आणि कोरडे हातमोजे एका टॉवेलवर आधीच मांडून ठेवावेत, जेलची टोके किंचित फाडून ठेवावीत. ते आले की मुलीने रिकाम्या बाटल्या काढाव्यात, आपण भरलेल्या लावाव्यात. "कसं वाटतंय?" असे विचारू नये, त्या घडीला खरे उत्तर नेहमी "वाईट" असते आणि ते उच्चारले की अधिक वाईट वाटते. "किती बाटल्या संपल्या?" एवढेच विचारावे. एक किंवा त्याहून कमी संपली असेल तर समोर उभे राहून अर्धी प्यायला लावावी आणि मगच सोडावे. जाताना पावसाळी जाकीट खिशात आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. परत येतील तेव्हा ते कमी बोलतील, कदाचित चिडलेले असतील. ते मनावर घेऊ नये. दोन्ही वेळा मिळून पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ जाता कामा नये.

त्यानंतर सामान आवरून सहाव्या रस्त्यावर, जिथे शर्यत संपते तिथे, पाचच्या आधी पोहोचावे. संध्याकाळी उन्हे कलली की गावात लगेच गारवा येतो. बारा तास मुठी आवळलेल्या बोटांनी जाकिटाची चेन ओढता येत नाही, म्हणून कोरडा सदरा आणि उबदार जाकीट बरोबर ठेवावे आणि ते त्यांना आपणच घालून द्यावे.